लाकडी बदकाची परीक्षा पाण्यावर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकातील छंदविभागात उत्तर अमेरिकेतील लाकडी ‘डिकॉय’ बदकांविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. शिकारी ही बनावट बदके पाण्यावर सोडत, ती पाहून वरून जाणारे खरे थवे निर्धास्तपणे खाली उतरत आणि आज तीच बदके लोककलेचा नमुना म्हणून दिवाणखान्यात मानाने बसली आहेत, एवढाच त्या टिपणाचा आशय होता. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. बहुतेकांना इतिहासापेक्षा ‘आम्ही हे घरी कसे करावे’ यातच रस आहे, असे दिसते. सारखे प्रश्न एकत्र करून पुढे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी मेरीलँडमध्ये राहते. आमच्या घरापासून जवळच असलेल्या हॅवर डी ग्रेस या गावी डिकॉयचे स्वतंत्र संग्रहालय आहे. शिकारीचे हे साधे साधन ‘कला’ केव्हापासून मानले जाऊ लागले? एकेका बदकाला लाखो डॉलर मिळतात, हे खरे आहे काय? (एक वाचक भगिनी, मेरीलँड, अमेरिका)

उत्तर : आपल्या शेजारच्या पाण्यातच या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. सस्क्वेहाना नदी चेसापीक उपसागराला मिळते तेथील उथळ भागात, ज्याला ‘सस्क्वेहाना फ्लॅट्स’ म्हणतात, वाइल्ड सेलरी नावाची पाणवनस्पती विपुल वाढत असे आणि तिचे चिखलातील कोंब व कंद खाण्यासाठी कॅनव्हासबॅक जातीच्या बदकांचे प्रचंड थवे हिवाळ्यात तेथे मुक्कामाला येत. एकोणिसाव्या शतकात बाल्टिमोर आणि फिलाडेल्फियाच्या हॉटेलांत या बदकाच्या मांसाला मोठी मागणी होती, त्यामुळे बाजारासाठी शिकार करणे हा त्या परिसरात रीतसर धंदा झाला. शिकारी ‘सिंकबॉक्स’ नावाच्या, पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवलेल्या पेटीत उताणा पडून राही. त्याच्या भोवती शेकडो लाकडी बदके तरंगत असत, आणि पेटी हवी तेवढी खाली बसावी म्हणून तिच्या कडेच्या सपाट फळ्यांवर ओतीव लोखंडाची बदकेही मांडली जात. एका माणसाला एवढी बदके लागणार म्हटल्यावर ती स्वस्त, दणकट आणि भराभर होणारी असावीत, हे ओघानेच आले. तपशील गाळून केवळ आकारावर भर देणारी जी शैली आज आपण लोककला म्हणून वाखाणतो, ती या गरजेतून घडली आहे.

हा धंदा कायद्याने संपला. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यामुळे अशा पक्ष्यांची बाजारासाठी शिकार आणि विक्री बंद झाली. १९३५ मध्ये सिंकबॉक्सवर आणि जिवंत बदके आमिष म्हणून वापरण्यावरही बंदी आली. हौशी शिकार मात्र चालू राहिल्याने लाकडी बदकांची गरज काही काळ टिकली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकच्या बदकांनी तीही संपवली. दरम्यान जोएल बार्बर या न्यूयॉर्कच्या वास्तुविशारदाने ही बदके जमवायला सुरुवात केली होती. १९३४ साली त्याने या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि अडगळीत पडलेल्या या वस्तूंकडे शिल्प म्हणून पाहायला लोकांना शिकवले. त्याचा संग्रह पुढे व्हरमाँटमधील शेलबर्न संग्रहालयात गेला. आपल्या शेजारचे संग्रहालय त्यामानाने अलीकडचे, १९८६ चे आहे.

करणारी माणसे कलावंत म्हणवून घेणारी नव्हती, हे मला या सगळ्यात विशेष वाटते. हॅवर डी ग्रेसचे आर. मॅडिसन मिचेल यांचा मूळ व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा होता. क्रिसफील्डचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे बंधू न्हावी होते, आणि गिऱ्हाइकांची दाढी-हजामत करता करता त्यांनी बदकांच्या मानेला जी ऐट दिली, तिच्यासाठी आज संग्राहकांत चढाओढ लागते. किमतीविषयी आपण ऐकले ते खरे आहे. मॅसॅच्युसेट्समधील एल्मर क्रॉवेल याने घडवलेले पंख साफ करणारे तलवार बदक आणि झोपलेला कॅनडा कलहंस हे दोन नमुने २००७ साली प्रत्येकी सुमारे ११ लाख ३० हजार डॉलरला विकले गेले. मात्र ही अपवादात्मक उदाहरणे आहेत. क्रॉवेलचे हे काम अतिशय निगुतीने केलेले आहे. फ्लॅट्सवर शेकड्यांनी तरंगणाऱ्या बदकांशी त्याची तुलना करू नये.

एक भर घालतो. ही कल्पना युरोपीय वसाहतकारांची नाही. नेवाडातील लव्हलॉक गुहेत १९२४ साली झालेल्या उत्खननात पाणगवताच्या जुड्या वळून व बांधून केलेली अकरा बदके सापडली. त्यांपैकी काहींना रंग आणि खरी पिसे लावलेली आहेत आणि त्यांचे वय सुमारे दोन हजार वर्षे मानले जाते. त्यांतही कॅनव्हासबॅक स्पष्ट ओळखू येतो.

प्रश्न : मी निवृत्त आहे. घरी करवत, रंधा, दोन पटाश्या, कानस आणि शिकंजा आहे. एक बदक स्वतः घडवावे अशी इच्छा आहे. आपल्याकडे मिळणारे कोणते लाकूड घ्यावे आणि काम कोणत्या क्रमाने करावे? पांगारा चालेल का, असे आणखी दोघांनी विचारले आहे. (नाशिक, सावंतवाडी, बेळगाव)

उत्तर : अमेरिकेतही अमुकच लाकूड हवे असा आग्रह कोणी धरला नव्हता. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर दलदलीत वाढणारा पांढरा सीडर वापरत, इतरत्र पांढरा पाइन, लुइझियानात सायप्रसची मुळे आणि तुपेलो. हाताशी असलेले, हलके आणि हत्याराला न अडवणारे लाकूड घ्यायचे, एवढाच नियम होता. तोच आपणही पाळावा.

आपल्याकडे माझी पहिली पसंती शिवणीला आहे. ती हलकी आहे, वाळल्यावर फारशी पिळवटत नाही आणि पटाशीखाली साफ कापली जाते. पांढरा सीडर वाळल्यावर घनमीटरमागे ३८० किलोच्या आसपास भरतो आणि सागवान सुमारे ६५० किलो. शिवण या दोहोंच्या मधली, पण हलक्या बाजूला झुकणारी आहे. सागवानाचे बदक तरंगते, पण गळ्यापर्यंत बुडून बसते आणि चांगले लाकूड वाया गेल्याची हळहळ वेगळीच. पांगारा खेळण्यांसाठी उत्तम असला तरी फार मऊ आहे. धडाला तो चालेल, चोचीला चालणार नाही, शिवाय त्याला कीड लवकर लागते. आंब्याचे लाकूड नीट वाळलेले मिळाले तरच घ्यावे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे परदेशी यंत्रसामग्रीच्या पॅकिंगमधून निघालेले पाइन. अशा फळ्यांवर शिक्का असतो. त्यावर ‘एचटी’ अशी अक्षरे असतील तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे असे समजावे. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, म्हणून ते घरात आणू नये. कोणतेही लाकूड घेतले तरी झाडाचा गाभा त्यात येऊ देऊ नका, कारण भरीव बदकाला तडा जातो तो बहुधा गाभ्यापासूनच.

मापे अशी धरावीत: धड १३ ते १४ इंच लांब, ६ इंच रुंद आणि ४ इंच जाड. चार इंची ठोकळा वाळलेला मिळणे कठीण असल्याने दोन-दोन इंचांच्या दोन फळ्या एकावर एक घ्याव्यात. न्यू जर्सीतील बार्नेगॅट उपसागराच्या परिसरात नेमकी हीच रीत होती. तेथील शिकारी ‘स्नीकबॉक्स’ नावाच्या लहान होडीतून जात आणि होडीत जागा थोडी म्हणून बदके हलकी असणे भाग होते. त्यासाठी वरचा आणि खालचा असे दोन भाग करून ते आतून कोरत आणि मग जोडत. आपणही कोरावे, म्हणजे वजन कमी होते आणि तडेही टळतात. मात्र भिंत पाऊण इंचाहून पातळ करू नये, आणि कोरण्याआधी दोन्ही फळ्या चार लांब स्क्रूंनी तात्पुरत्या जोडून बाहेरचा आकार पुरा करून घ्यावा. आधी आत कोरले आणि मग बाहेरून तासायला बसले, तर कोठे तरी भोक पडतेच.

क्रम सांगतो. पुठ्ठ्यावर बदकाची बाजूची आणि वरची अशा दोन आकृत्या कापाव्यात. त्या लाकडावर उतरवून, फर्निचरच्या कारखान्यात बँडसॉ असेल तर तेथून दोन्ही दिशांनी कापून आणावे. हाताने कापायचे झाल्यास करवतीने ठिकठिकाणी खाचा पाडून मधले लाकूड पटाशीने उडवावे. यानंतर ठोकळ्याच्या वर, खाली, पुढे आणि मागे पेन्सिलीने मध्यरेषा आखावी. तासताना ती पुसली जाईल, तेव्हा तेव्हा पुन्हा आखावी. दोन्ही बाजू सारख्या राहण्याचा याखेरीज दुसरा उपाय नाही, आणि घाईत सर्वांत आधी वगळली जाते तीही हीच गोष्ट. मग चौकोनी कडा मारून आडवा छेद अष्टकोनी करावा, अष्टकोनाच्या कडा मारून सोळा बाजू कराव्यात आणि शेवटी जाड दातांच्या कानशीने गोलाई आणावी. पोटाची सर्वांत रुंद जागा पाण्याच्या रेषेच्या किंचित वर यायला हवी. ती वर सरकली तर बदक डुगडुगते.

आणि येथे थांबावे. पिसे कोरू नयेत, शेपटीची कड कागदासारखी पातळ करू नये. होडीत फेकल्या जाणाऱ्या बदकाची पातळ शेपटी पहिल्याच फेरीत मोडली असती, म्हणून जुन्या बदकांची शेपटी जाड आणि आखूड असते. लोककलेच्या शैलीत काम करायचे म्हणजे अडाणी दिसेल असे काम करायचे, हा गैरसमज कृपया मनातून काढावा. या बदकांचे प्रत्येक वळण पाणी, होडी, थंडी आणि लांबून पाहणारा पक्षी यांनी ठरवलेले आहे. आपले बदक खरोखर तरंगेल, धक्का सोसेल आणि पन्नास पावलांवरून ओळखू येईल अशा बेताने केले, तर ती शैली आपोआप येते. काचकागद फार चालवू नका. कानशीचे थोडे ओरखडे राहिले तर रंग धरतो आणि लाकूड चमकत नाही.

प्रश्न : माझ्या बदकाची चोच दोनदा मोडली. दुसऱ्या एका बदकाची मान सांध्यात हलू लागली आहे. डोके धडातूनच अखंड कोरावे का? (सांगली)

उत्तर : अखंड कोरू नये. धडात लाकडाची शीर (तंतूंची दिशा) शेपटीकडून छातीकडे जाते हे ठीक, पण तेवढ्या उंचीचा ठोकळा घेतला तर तीन चतुर्थांश लाकूड भुशात जाईल. डोके नेहमी वेगळे घडवतात. जुने कारागीर हिवाळ्याच्या संध्याकाळी नुसती डोकीच डझनांनी कोरून ठेवत.

चोच मोडली याचे कारण बहुधा शिरेची दिशा हे आहे. चोचीच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या बाजूकडे शीर सरळ गेली पाहिजे. आपण फळी उभी धरून डोके आखले असेल, तर चोचीत शीर आडवी आली असणार आणि अशी चोच बोटाच्या दाबानेही तुटते. मात्र शीर चोचीच्या बाजूने ठेवली की मानेत ती आडवी येते आणि मान कमजोर होते, हा पेच आहेच. त्यावर दोन उपाय एकत्र करावेत. पहिला म्हणजे मान आखूड ठेवणे. निवांत तरंगणारे बदक मान आखडूनच बसते, आणि वरून जाणाऱ्या थव्याला उंच ताणलेली मान धोक्याची खूण वाटते, त्यामुळे आखूड मान दिसायलाही योग्य असते. दुसरा उपाय म्हणजे धडातून वर मानेत आणि तेथून गालापर्यंत जाणारी अर्ध्या इंचाची गोल लाकडी खुंटी. तिला सागवान किंवा भरीव बांबू चालेल.

मान हलते याचे कारण सांध्याची पृष्ठे सपाट नसणे. धडावर मान बसते तेथे सव्वादोन इंचांचा एक सपाट ओटा ठेवावा आणि तो आजूबाजूपेक्षा किंचित उंच असावा, म्हणजे सांध्यात पाणी साचत नाही. मानेचा तळ सपाट काचेवर ठेवलेल्या काचकागदावर घासून घ्यावा. जोडण्यासाठी पाण्यात टिकणारा गोंदच वापरावा: फेव्हिकॉल मरीन किंवा दोन नळ्यांचे अराल्डाइट. गोंद लावण्याआधी डोके कोरडेच बसवून थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, थोडे खाली असे फिरवून पाहावे. एवढ्या एका वळणाने बदकाचा स्वभाव बदलतो, आणि वॉर्ड बंधूंच्या कामाची निम्मी जादू मला तरी तेथेच दिसते.

प्रश्न : सगळे नीट झाले, पण टबात सोडताच बदक एका कुशीवर झुकते. (कोल्हापूर)

उत्तर : अभिनंदन. आपण पाण्यात सोडून पाहिलेत, बहुतेक जण पाहतच नाहीत. बदक तळापाशी खूप गोल झाले असेल किंवा डोके एका बाजूस वळवल्याने भार सरकला असेल. दोन्हींवर उपाय एकच, तळाला वजन.

रंग देण्यापूर्वी लोखंडी पट्टीचे शंभर ते दोनशे ग्रॅमचे तुकडे घ्यावेत, ते रबरबँडने पोटाखाली बांधावेत आणि बदक पाण्यात सोडून पट्टी पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवत राहावी. छाती पाण्यात खुपसली जात असेल तर पट्टी शेपटीकडे न्यावी. बदक समपातळीत तरंगू लागले की त्याला बोटाने आडवे पाडावे. ते स्वतःहून उभे राहिले पाहिजे. शिकारी पहाटेच्या अंधारात होडीतून एकामागून एक बदके पाण्यात भिरकावत असे आणि उलटे पडलेले प्रत्येक बदक सरळ करायला त्याच्याकडे वेळ नसे, म्हणून ही परीक्षा फार कडक मानली जाई. हे झाले की पट्टीची जागा आखून घ्यावी आणि ती पितळी स्क्रूंनी पक्की करावी. न्यू जर्सीत तळाला चौकोनी खाच पाडून तीत शिसे बसवत. शिसे आपण वापरू नये आणि घरच्या शेगडीवर तर ते मुळीच वितळवू नये. त्याची वाफ विषारी असते.

प्रश्न : मी शोभेच्या वस्तू विकतो. अशा बदकांना जुनाट, रंग उडालेले रूप कसे द्यावे? रंगाला बारीक तडे पाडता येतात का? (ठाणे)

उत्तर : आधी रंगाविषयी, मग आपल्या प्रश्नाच्या अवघड भागाविषयी.

जवसाच्या तेलात तितकेच टर्पेंटाईन मिसळून एक पातळ हात द्यावा आणि तो आठवडाभर वाळू द्यावा. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, कारण ती वाळताना तापते आणि आपोआप पेटू शकते. पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. त्यावर बिनचमकीचा रंग द्यावा. चमकणारा रंग उन्हात आरशासारखा झळकतो आणि थवा दुरूनच वळतो, ही शिकाऱ्यांची जुनी तक्रार आहे. रंग मोजकेच असावेत. नर कॅनव्हासबॅकला गंजासारखे तांबूस डोके, काळी छाती व शेपूट आणि पांढरी पाठ-पोट एवढे पुरते. पाठीवरच्या बारीक नागमोडी रेषांसाठी एक सुरेख युक्ती आहे. खालचा करडा थर पुरता वाळला की त्यावर पांढरा रंग द्यावा आणि तो ओला असतानाच बारीक दातांचा कंगवा हात किंचित थरथरवत त्यावरून फिरवावा. दात जेथून जातात तेथे करडा रंग उघडा पडतो आणि क्षणात सगळी पाठ भरून जाते. कंगवा प्रत्येक ओढीनंतर पुसावा, नाहीतर दुसऱ्या ओढीला नुसता चिखल होतो. डोळ्यांसाठी काचेचे मणी शोधत बसू नका. पितळी खिळ्याचा गोल माथा पुरतो, किंवा नुसता रंगाचा ठिपका.

आता जुनाटपणा. खालच्या थरावर पांढरा गोंद लावून तो अर्धवट वाळलेला असताना वर ॲक्रिलिक रंग दिला तर तडे पडतात, हे खरे. मात्र असे तडे सगळीकडे एकसारखे येतात आणि जाणकाराला ते ओळखायला वेळ लागत नाही. खऱ्या बदकाची झीज तशी नसते. चोचीचे टोक, टाळू, शेपटीची कड आणि होडीच्या फळीवर घासणारा तळ येथे लाकूड उघडे पडते; दोरी धडाभोवती गुंडाळून ठेवतात तेथे पट्टा उमटतो; आणि पंखाखालच्या सांदीत मात्र पहिला रंग तसाच राहतो. शिवाय वापरातील बदकांवर दर काही वर्षांनी नवा रंग चढवत असल्याने उडालेल्या रंगाखाली दुसराच रंग डोकावतो. हे साधायचे असेल तर दोन वेगळ्या रंगांचे थर द्यावेत, फक्त वर सांगितलेल्या जागी हलके घासावे आणि मेणात थोडी गडद माती-रंगाची पूड मिसळून पुसून घ्यावी.

माझा सल्ला विचाराल तर यातले काहीच करू नये. नवे बदक नवे म्हणून विकावे. अंगणात, गॅलरीत, मुलांच्या हातात ते स्वतःच जुने होईल. तरीही आपल्या गिऱ्हाइकाला झिजलेले रूपच हवे असेल तर हरकत नाही, पण तळाला आपले नाव आणि वर्ष डागून टाकावे. पूर्वी मालक आपली आद्याक्षरे बदकाच्या तळाला तापलेल्या लोखंडाने डागत, तीच पद्धत येथे कामी येते. जुन्या डिकॉयच्या बाजारात नकलांनी पुष्कळ गोंधळ घातलेला आहे. सजावटीची वस्तू म्हणून केलेले बदक तीन हात बदलून ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ होते आणि त्यात पहिल्या विक्रेत्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. पुसला न जाणारा शिक्का असला की हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : अमेरिकी बदकांऐवजी आपली बदके करावीत का? (चिपळूण)

उत्तर : जरूर करावीत. एकच पथ्य पाळावे: ज्याची ओळख मोठ्या रंगपट्ट्यांवरून पटते तो पक्षी निवडावा. हळदीकुंकू बदक या शैलीला फार शोभेल, कारण काळ्या चोचीचे पिवळे टोक आणि कपाळाशी असलेले लाल ठिपके लांबूनही दिसतात. थापट्याची फावड्यासारखी चोच कोरायला मजा येते. तलवार बदकाची लांब, टोकदार शेपटी सुरुवातीला टाळावी. मात्र याला महाराष्ट्राची पारंपरिक लोककला म्हणू नये. ती शैली चेसापीक आणि बार्नेगॅटची, पक्षी आपला.

प्रश्न : मी पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. उजनीच्या किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यात चार-सहा लाकडी बदके सोडली तर खरी बदके जवळ येतील का? (पुणे)

उत्तर : कदाचित येतील, आणि म्हणूनच सोडू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. केवळ मारणे नव्हे, तर सापळा लावणे, हुसकावणे आणि आमिष दाखवणे यांचाही तीत समावेश होतो. आपला हेतू छायाचित्राचा असला तरी हे प्रकरण कोणत्या टोकाला जाईल ते सांगता येत नाही. नांदूरमध्यमेश्वर तर अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये ते राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले. कायदा बाजूला ठेवला तरी हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला विनाकारण उतरवणे आणि पुन्हा उडवणे म्हणजे त्याची शिदोरी खर्ची घालणेच आहे.

फसव्या पक्ष्यांचा चांगला उपयोग झालेला नाही असे नाही. अमेरिकेच्या मेन राज्यातील ईस्टर्न एग रॉक या बेटावरून पफिन पक्षी शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकात नाहीसे झाले होते. स्टीफन क्रेस यांनी १९७३ पासून न्यूफाउंडलंडहून पिले आणून तेथे वाढवली. ती मोठी होऊन समुद्रावर गेली, पण परत येऊन घरटी करण्यास धजावेनात, कारण पफिन थव्याने राहणारा पक्षी आहे आणि बेट रिकामे होते. मग खडकांवर लाकडी पफिन उभे करण्यात आले. ते पाहून खरे पफिन उतरू लागले आणि १९८१ साली तेथे पुन्हा घरटी झाली. पुढे हीच पद्धत इतर समुद्रपक्ष्यांसाठीही वापरली गेली. परंतु हे काम शास्त्रज्ञांनी, परवानगी घेऊन, पक्ष्याच्या हितासाठी केलेले होते.

आपल्याला पाण्यावरच्या लाकडी बदकाचेच छायाचित्र हवे असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याचे शेततळे बघावे. पहाटेच्या तिरप्या उन्हात बिनचमकीचा रंग उत्तम दिसतो. पोटाखाली आकडी बसवून तिला नायलॉनची पातळ दोरी आणि दोरीच्या टोकाला एखादा दगड बांधायला विसरू नका. शेततळ्याचा प्लास्टिकचा उतार फार निसरडा असतो, आणि वाऱ्याने पलीकडे गेलेले बदक आणायला त्यावरून खाली उतरणे धोक्याचे आहे.